‘त्याला ऊन लागले’ : मैदान, उन्हाळा आणि आपले उत्तरदायित्व



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल प्रथम मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीच्या वाटचालीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती गैर नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचे आयुष्य मैदानावर गेले. लवकरच उन्हाळी सुट्टी लागेल आणि आपल्या शाळेचे फुटबॉल शिबिर सुरू होईल. तेव्हा मैदानावर खेळणाऱ्या मुलांना उन्हापासून होणारा अपाय आणि त्याविषयीचे आपले कर्तव्य, हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मी वैद्य नाही. मात्र या विषयात वैद्यकाइतकाच भाषेचाही वाटा आहे, असे माझे मत असून तेथूनच मी प्रारंभ करतो.

मैदानावर मुलगा कोसळला, तर आपण घरी काय सांगतो? ‘त्याला ऊन लागले.’ या तीन शब्दांच्या वाक्याचे व्याकरण पाहा. कर्ता कोण? ऊन. क्रियापद उन्हाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मुलगा चतुर्थी विभक्तीत उभा आहे. त्याच्यावर काहीतरी गुदरले आहे. दुपारी साडेचारला मैदानाच्या दहा फेऱ्या मारावयास कोणी सांगितले, पाणी मागितले तेव्हा ‘आधी फेरी पूर्ण कर’ असे कोण म्हणाले, त्याला या वाक्यात जागाच नाही. थंडी वाजावी, भूक लागावी, तसे ऊन लागते; त्यात कोणाचा दोष नाही, अशी समजूत भाषाच आपल्या मनात रुजवते. ‘उष्माघात’ हा आपला ग्रांथिक शब्दही असाच फसवा आहे. आघात म्हणजे बाहेरून बसलेला तडाखा. वास्तविक धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत घातक उष्णतेचा मोठा भाग बाहेरून येत नाही. तो त्याच्याच शरीरात निर्माण होतो.

हे थोडे विस्ताराने सांगतो. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी सुमारे पाऊण भाग किंवा त्याहूनही अधिक उष्णतेत रूपांतरित होतो; हालचालीला कामी येते ती उरलेली. जोराने धावणाऱ्या माणसाच्या शरीरात विश्रांतीच्या दहापट, प्रसंगी त्याहूनही जास्त उष्णता तयार होते. ही उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद झाली, तर शरीराचे तापमान पाच-सहा मिनिटांत एकेक अंशाने चढू लागेल. निसर्गाने योजलेली वाट म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु अट अशी की तो वाळला पाहिजे. जो घाम नुसता ओघळून मातीत पडतो, तो शरीरातील पाणी तेवढे नेतो, उष्णता नेत नाही.

येथे लिंबायतची गोष्ट येते. आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबे खानदेशातून आलेली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने उधन्याला उतरलेली आणि यंत्रमागांच्या, कापड प्रक्रियेच्या कारखान्यांच्या आधाराने येथे स्थिरावलेली. ‘आम्ही खानदेशची माणसे, आम्हाला उन्हाचे काय सांगता?’ असे आपण अभिमानाने म्हणतो. भुसावळचा मे महिना ज्याने काढला, त्याला चाळीस अंशांचे भय वाटत नाही, हे खरेच. पण सुरतेचा उन्हाळा निराळ्या जातीचा आहे. समुद्र जवळ आहे, ताप्तीचे मुख जवळ आहे. मे महिन्यात समुद्रावरून वारे वाहू लागले की पारा पुष्कळदा खाली उतरतो आणि आपण म्हणतो, ‘बरे झाले.’ त्याच वेळी हवेतील ओलावा वाढलेला असतो.

आपल्या आयाबहिणींना यातले शास्त्र घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. खानदेशात माठातले पाणी गार होते, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करतो. तोच माठ, तोच कूलर सुरतेच्या दमट दिवसांत निरुपयोगी ठरतो. कूलर लावला तर खोली अधिकच चिकट होते. कारण दोन्हींचे काम पाणी वाळण्यावर चालते आणि दमट हवेत पाणी वाळत नाही. मनुष्याचे शरीर हाही एक माठच आहे. ज्या दिवशी माठ गार होत नाही, त्या दिवशी धावणारा मुलगाही गार होत नाही.

म्हणूनच केवळ पारा पाहून मैदानाचा निर्णय करता येत नाही. अमेरिकेच्या नौसैनिकांच्या प्रशिक्षणतळांवर जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी एक संयुक्त मापन तयार केले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला त्यात दहापैकी सात भाग महत्त्व दिले, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला दोन आणि ज्या साध्या पाऱ्याकडे आपण पाहतो त्याला केवळ एक भाग. हे प्रमाण लक्षात ठेवावे असे आहे. जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, हेच मापन मानते. ते ३२ अंशांवर गेले की खेळ थांबवून खेळाडूंना पाणी व गारवा देण्याची तरतूद तिच्या नियमांत आहे. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना अशा विश्रांतीसाठी थांबवला गेला. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने हवामान कसेही असो, प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती जाहीर केली. जगातील सर्वांत तयारीच्या खेळाडूंना जे लागते, ते आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला लागत नाही, असे आपण कशाच्या आधारावर मानतो?

पारा साधारण असतानाही किती अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. कमाल तापमान अडतीस अंशांच्या घरात होते. जळगावकर ज्याला उन्हाळा म्हणणार नाही, इतकेच. तरीही उन्हाच्या बाधेने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे धावत नव्हती, बसलेली होती. याच्या उलट तरुण, धडधाकट, निवडीसाठी आलेल्या मुलांचे उदाहरण घ्या. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले आणि काहींना प्राण गमवावे लागले. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. नियम बदलता येत होता, तो बदललाही. पण तो आधी बदलता आला असता, ही खंत राहतेच.

मित्रहो, या तरुणांचा विचार करताना मला एक गोष्ट विशेष अस्वस्थ करते. अशा प्रसंगी जो कोसळतो तो बहुधा आळशी नसतो. आळशी मुलगा चौथ्या फेरीला पोट धरून झाडाखाली बसतो आणि सुखरूप घरी जातो. कोसळतो तो जिद्दीचा, आज्ञाधारक, संघात निवड व्हावी म्हणून झटणारा. शरीर थांब म्हणत असते आणि गुरूचा शब्द पुढे चल म्हणत असतो. तो गुरूचा शब्द मानतो. ज्या गुणांसाठी आपण पारितोषिक वितरण समारंभात मुलांची पाठ थोपटतो, तेच गुण उन्हात त्याला धोक्याकडे नेतात. ‘घाम गाळणे’ हा आपल्या भाषेत पुण्याचा वाक्प्रचार आहे, ‘कच खाणे’ हा निंदेचा. या दोन वाक्प्रचारांच्या मध्ये सापडलेल्या मुलाने आपल्याला चक्कर येते हे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून ‘त्रास होत असेल तर सांग’ एवढे म्हणून शिक्षकाची सुटका होत नाही. मुलगा सांगणार नाही, असे गृहीत धरूनच सराव आखला पाहिजे.

परदेशातील एक घटना या संदर्भात फार बोलकी आहे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो निराळा, अंगावर संरक्षक साहित्य घालून खेळण्याचा खेळ आहे, त्यातील जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या सरावात कोसळला. सुमारे शंभर मीटरच्या दहा धावा त्या दिवशी काढावयाच्या होत्या. १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. स्वतंत्र चौकशीत आढळले की त्याचे तापमान वेळेवर मोजले गेले नव्हते आणि थंड पाण्यात बुडवण्याचा उपायही झाला नव्हता. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये त्याच्या मातापित्यांची भेट घेऊन कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. ‘त्याला ऊन लागले’ असे ते म्हणाले नाहीत. वाक्याचा कर्ता त्यांनी बदलला. मुलगा परत आला नाही. परंतु पुढच्या मुलांसाठी त्या कबुलीचे मोल मोठे आहे.

आता कोणी विचारील, ‘मग काय, खेळच बंद करावयाचे?’ मुळीच नाही. लिंबायतमध्ये उघडे मैदान ही केवढी दुर्मीळ गोष्ट आहे, हे मी आपल्याला सांगावयास नको. नीलगिरी मैदानासारखी मोकळी जागा सोडली तर गल्ल्या अरुंद, घरे पत्र्याची किंवा कमी उंचीच्या स्लॅबची. वडील बारा तासांच्या पाळीवर, आई साड्यांना खडे-लेस लावण्याच्या घरकामात. अशा घरातील मुलाला चेंडूमागे धावण्याचे दोन तास म्हणजे श्वास घेण्याचे दोन तास. एकाच चेंडूमागे खानदेशी, उत्तर भारतीय, तेलुगू, उडिया मुले धावतात. जे ऐक्य आपण भाषणांत सांगतो ते तेथे आपोआप घडते. कोल्हापूरकडे पाहा. तेथे तालीम मंडळांनी फुटबॉल पोसला, शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील माणसे सामन्यांना लोटतात आणि हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपल्या मुलांनी तसे स्वप्न का पाहू नये? प्रश्न खेळ असावा की नसावा हा नाही; तो कोणत्या वेळी, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा आहे.

जुन्या पिढीतील शिक्षक म्हणत, ‘मुलांना उन्हाची सवय करा.’ हे मत मी टाकाऊ मानत नाही. त्यात अर्धे सत्य आहे. शरीर उन्हाला सरावते. रोज थोडा थोडा सराव वाढवत नेला तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातून क्षार कमी जातात, हृदयावरचा ताण उतरतो. परंतु ही सवय पहिल्या दिवशी नसते आणि काही आठवडे खंड पडला की ओसरते. परीक्षेच्या निमित्ताने महिनाभर घरात बसलेला मुलगा शिबिराच्या पहिल्या दिवशी मैदानावर येतो, तेव्हा तो उन्हाच्या दृष्टीने नवखाच असतो, मग त्याचे आजोळ भुसावळ का असेना. धोका सर्वांत अधिक असतो तो या पहिल्या चार-पाच दिवसांत. आणि आपण नेमके त्याच दिवसांत निवडचाचणी घेतो, मुलांचा दम पाहतो. हा क्रम उलटा केला पाहिजे.

काही मुलांना धोका अधिक असतो. आदल्या रात्री पत्र्याखालच्या उकाड्यात ज्याची झोप झाली नाही, ज्याला नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले, जो वजनाने जड आहे, जो उपाशीपोटी आला आहे, अशांकडे विशेष लक्ष हवे. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजात सिकल सेल हा रक्तदोष आढळतो. तो ज्यांच्या रक्तात आहे त्यांना अतिश्रम आणि पाण्याची तूट विशेष बाधू शकते. त्याची रक्ततपासणी सरकारी मोहिमेत होते. ती करून घेण्यात लाज नाही आणि तिच्यामुळे मुलाला खेळातून काढण्याचेही कारण नाही. त्याला विश्रांती वेळेवर द्यावयाची, इतकेच.

पाण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. ‘धावताना पाणी प्यायले की पोटात दुखते’ म्हणून पाणी तोडणे हे एक टोक. घोट घोट पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी मिळाले पाहिजे आणि ते मिळणे ही शाबासकी नव्हे, मुलाचा हक्क आहे. दुसरे टोक म्हणजे तासन्‌तास घाम गेल्यावर नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिणे. त्याने रक्तातील मीठ पातळ होऊन वेगळेच संकट ओढवते. दीर्घ सरावात मीठ घातलेले ताक, लिंबू-साखर-मिठाचे सरबत, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनी हे आपले घरगुती उपाय उत्तम आहेत. खिशात कांदा ठेवण्याची चाल मी पुष्कळ पाहिली आहे. कांद्याने अपाय नाही. पण कांदा खिशात आहे म्हणून दुपारी धावणे यात अपाय आहे.

आणि तरीही संकट आलेच तर? त्याची पहिली खूण ओळखावयास मराठीच्या शिक्षकाइतका योग्य मनुष्य नाही, असे मी थोड्या विनोदाने म्हणतो. कारण ती खूण बोलण्यात दिसते. मुलगा असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, गुण किती झाले ते चुकीचे सांगतो, पाय अडखळतात. त्वचा कोरडी पडली तरच उष्माघात, हा समज सोडून द्या. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असू शकते. शरीराच्या आतले तापमान अशा वेळी चाळीस अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचा नाश मिनिटामिनिटाने होत असतो. म्हणून वैद्यकाचा आजचा दंडक असा आहे : आधी थंड करा, मग हलवा. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावयाचाच. पण गाडी येईपर्यंत मुलाला सावलीत नुसते निजवून वारा घालत बसावयाचे नाही. टबात बर्फाचे पाणी भरून त्याला मानेपर्यंत त्यात बसवावे, डोके धरून ठेवावे. टब नसेल तर ओल्या चादरी, बादल्यांनी सतत थंड पाणी, मान, काख आणि जांघेत बर्फ. भान नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे निरुपयोगी, कारण हा ताप त्या जातीचा नाही.

हे केल्याने काय साधते? अमेरिकेत फाल्माउथ येथे दर उन्हाळ्यात सात मैलांची शर्यत होते. तेथे अठरा वर्षांच्या काळात श्रमजन्य उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बुडवण्यात आले आणि ते सर्वच्या सर्व जगले. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. ज्या व्याधीला आपण दैवाचा घाला समजतो, तिच्यावरचा उपाय एक टब आणि बर्फाच्या दोन लाद्या इतका साधा आहे. गोळ्याच्या गाडीसाठी लिंबायतच्या बाजारात बर्फ मिळतो. मग शाळेच्या मैदानासाठी का मिळू नये?

शासन आणि शहरे यांनाही शिकता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्धची कृतियोजना अमलात आणली. अशी योजना करणारे ते दक्षिण आशियातील पहिले शहर ठरले. शहराला जे जमते, ते एका शाळेला अधिक सहज जमावे.

म्हणून आपल्या शिबिरासाठी संस्थेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, सराव सकाळी सूर्य वर येण्याआधी आटोपावा आणि पहिले दोन आठवडे तो अर्ध्यापासून हळूहळू पूर्णावर न्यावा, निवडचाचणी त्यानंतर. पहाटेही हवा दमट असते, म्हणून त्या वेळीही विश्रांती ठरलेल्या असाव्यात. दुसरी, पाण्याची वेळ शिट्टी वाजवून सर्वांनाच द्यावी, म्हणजे मागणाऱ्याला संकोच नको. तिसरी, मैदानाच्या कडेला भरलेला टब आणि बर्फ असल्याशिवाय सराव सुरू होऊ नये. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : सराव थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षकाखेरीज आणखी एका व्यक्तीला द्यावा, आणि तिने तो वापरल्यास तिला कारण विचारू नये. ती व्यक्ती पालक असेल, शिपाई असेल, वरच्या वर्गातील विद्यार्थीही असेल. ज्याच्या डोक्यात सामना जिंकण्याचा विचार नाही, अशा दोन डोळ्यांची मैदानाला गरज असते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगणे आहे. शेजारचा मित्र अडखळू लागला, वेडेवाकडे बोलू लागला, तर त्याला हसू नका आणि सरांच्या परवानगीची वाटही पाहू नका. त्याला सावलीत ओढा आणि ओरडून मदत बोलवा. ती आज्ञाभंगाची गोष्ट नव्हे. कोणत्याही सच्च्या गुरूला त्या आज्ञाभंगाचा अभिमानच वाटेल.

गुरुजींच्या स्मृतीला वाहण्यासाठी माझ्याजवळ पुष्पगुच्छापेक्षा ही एक व्याकरणाची दुरुस्ती आहे. यापुढे या शाळेत ‘त्याला ऊन लागले’ हे वाक्य कोणी स्पष्टीकरण म्हणून लिहू नये. ‘आम्ही त्याला उन्हात धावावयास लावले’ किंवा ‘आम्ही त्याला वेळेवर थांबवले’, या दोहोंपैकी एकच वाक्य खरे असते आणि दोन्हींचा कर्ता ‘आम्ही’ आहे. दरवर्षी दुसरेच वाक्य लिहिण्याची पाळी आपल्यावर येवो, अशी प्रार्थना करतो.